बोरगावहून परत आलेला डबा

आत्याबाईंनी डबा उलटा धरला आणि बुडावर थाप मारली. काही पडलं नाही. मग त्यांनी आत हात घालून कोपरे चाचपले, उजेडाला धरून आत पाहिलं आणि डबा सोप्यातल्या जोत्यावर असा आदळला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"मालन," त्या म्हणाल्या, "रिकामा आलाय."

दुधाच्या गाडीवरचा माणूस अजून दारातच होता. बोरगाव त्याच्या वाटेवर, म्हणून आमचा डबा जाता-येता तोच न्यायचा. "मला दिला तसा आणला, मावशी," असं म्हणून तो चहालाही न थांबता निघाला. आत्याबाईंच्या तोंडापुढे थांबायची त्याची छाती नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हौसा ही त्यांची एकुलती एक लेक, माझी नणंद, बोरगावला दिलेली. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. तेव्हा गावात फोन नव्हते. दर उन्हाळ्यात आत्याबाई लेकीसाठी वाळवणाचा डबा भरायच्या आणि आषाढापर्यंत तो डबा परत यायचा. आमच्याकडे कुणाचंही भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीची वाटी आली तर जाताना तिच्यात गुळाचा खडा तरी जातो. हौसाचा डबा परत यायचा तो कधी तिळाची चटणी घेऊन, कधी त्यांच्या परसातल्या चवळीच्या सुक्या शेंगा घेऊन. तिचे सासरे गेले त्या वर्षी, तिकडचं घर सुतकातून उठत नव्हतं तरी, तिनं मूठभर जवस घातले होते.

रिकामं भांडं परत करणं म्हणजे तुमचा आमचा संबंध संपला, एवढाच त्याचा अर्थ. लहान पोरालाही तो कळतो.

मला राग आला, पण तो आधी माझ्यासाठी आला. त्या डब्यात काय गेलं होतं ते मला विचारा. चैत्रात परसातली गवार मी तोडली, शिरा काढल्या, मीठ घातलेल्या ताकात भिजवली आणि माळवदावर जुन्या लुगड्यावर पसरली. कावळे हाकलत मी भर उन्हात बसायची आणि आत्याबाई सावलीतून सांगायच्या, "परतव गं, एका अंगानं करपंल." मिरच्यांना चिरा पाडून मसाला भरला की माझ्या हातांची रात्रभर आग आग व्हायची. कोहळा किसून, डाळ वाटून, त्याचे सांडगे मीच घालायचे. सांडग्यात तीळ घालायची रीत आमच्या एकट्या घरात होती आणि प्रत्येक सांडग्याला वर चिमटा काढायची खोड माझी एकटीची. आत्याबाई म्हणायच्या, "त्याला शेंडी कशाला ठेवतीस, मुंज करायचीय का त्याची?" वाळलेलं सगळं निवडून चांगलं चांगलं डब्यात जायचं आणि तुटकं-फुटकं घरात राहायचं. हे मी दर वर्षी बघायचे. दर वर्षी दात-ओठ खायचे आणि वर चिंचेची गोळी करून तीही डब्यात घालायचे. आणि त्या डब्याला हा जबाब आला होता.

"खाल्लं सगळं," मी म्हणाले, "आणि डबा घासून धाडला. वा."

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना खरा राग आला की त्या बोलायच्या नाहीत, हे मला उशिरा कळलं. त्या परसात गेल्या. दोडक्याच्या मांडवाखाली पाटाचं पाणी वळवत बराच वेळ वाकून राहिल्या. परत आल्या तेव्हा हात कोपरापर्यंत चिखलाचे होते.

"पंचमीला मुराळी जायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

नागपंचमीला सासरच्या लेकीला आणायला तिच्या भावाला धाडतात, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेला नाही तर लेक येऊ शकत नाही. आपल्या पायानं माहेरी आलेल्या बाईला गाव वेगळं नाव ठेवतं. म्हणजे आत्याबाईंनी लेकीला दार लावलं होतं. ते ऐकून माझा स्वतःसाठीचा राग तिथंच विरला. डबा गेला खड्ड्यात, पण पंचमीला हौसा नाही?

रात्री जेवताना मी आमच्या ह्यांना म्हटलं, "तुम्ही बोला आईशी." ह्यांचं नाव जोतीराम. आईसमोर बोलायची वेळ आली की ह्यांना नेमकी बैलाच्या वेसणीची आठवण व्हायची. हे भाकरीकडे बघत म्हणाले, "आईनं ठरवलंय न्हवं." संपलं.

दुसऱ्या दिवशी मी कढीपत्ता तोडायला परसात गेले आणि डहाळी हातातच राहिली. हौसाच्या लग्नाआधी आम्ही एक वर्ष एका घरात काढलं होतं. ती सोळा-सतरा वर्षांची, मी नवी नवरी. शेजारच्या काकूंची वाटी परत द्यायची आणि घरात गूळ संपलेला, तेव्हा हौसा परसात पळाली आणि कढीपत्त्याची डहाळी वाटीत घालून देऊन आली. "हे काय गं?" मी हसले, तर म्हणाली, "वहिनी, रिकामी कशी द्यायची? वाटीला लाज वाटंल." अशी ही पोरगी. आणि बोरगावच्या परसात तर कढीपत्त्याचं झाड माझ्या डोक्याच्या वर गेलेलं मी स्वतः बघितलं होतं.

मी डहाळी घेऊन आत गेले. "आत्याबाई, हौसाला काही नाही तर एक डहाळी घालता आली नसती?"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "सगळं असून घातलं न्हाई."

"ती तशी नाही."

"नव्हती. सासरला गेल्या की लेकी बदलतात. तू न्हाईस का बदललीस? आधी तोंड वर करून बोलत नव्हतीस."

"तिकडे काहीतरी बिनसलं असेल."

"बिनसलं असतं तर सांगितलं असतं की तिनं. गेल्या पंचमीला आली तवा विचारलं मी. बरं हाय म्हणाली."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं नाही. "सांगेल कशी? लग्नात तुम्हीच तिच्या कानात सांगितलंत ना, तिकडचं इकडं आणायचं न्हाई म्हणून. मी शेजारी उभी होते."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चूल पेटवायला बसले. पण निर्णय काही बदलला नाही. पंचमी जवळ आली. गल्लीतले मुराळी निघाले, गल्लीतल्या लेकी आल्या, झाडाला झोके टांगले गेले. आमच्या दारात कोणी यायचं नव्हतं. आत्याबाई गल्लीतल्या पोरींना मुद्दाम मोठ्यानं हसून हाका मारायच्या. ते हसणं मला सहन होईना.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी लुगडं बदललं. "मी बोरगावला निघाले," ह्यांना म्हटलं.

"आईला विचारलंस?"

"तुम्ही विचारा," मी म्हटलं आणि एस्टी गाठली.

बोरगावच्या घराचा सोपा आमच्या घराच्या दुप्पट. हौसाची सासू सगुणाबाई तिथंच तक्क्याला टेकून सुपारी कातरत होती. अंगानं दांडगी आणि बोलायला गोड. "या या मालनबाई, वाट चुकलात का?" म्हणाली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. हौसाचे सासरे होते तोवर तो कोनाड्यात खिळ्याला टांगलेला असायचा.

"घेवड्याचं बी न्यायला आले," मी सांगितलं. "आमचं यंदा किडलं."

हौसा आतून पाणी घेऊन आली. मला बघून तिच्या हातातला तांब्या कलंडला. वर्षभरात पोरगी अर्धी झाली होती. चोळीच्या बाहीत हात नव्हताच म्हणा ना. तिनं मला बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं, आणखी कोणी आलंय का ते. कोणी नव्हतं.

सगुणाबाईनं मला जेवायला बसवलं, स्वतः शेजारी बसली. हौसा चुलीपाशी भाकरी थापत होती. माझ्या ताटात आमटी आली आणि आमटीत सांडगे. एक सांडगा भाकरीच्या तुकड्यावर घेतला तर त्याला शेंडी. माझ्या चिमट्याची शेंडी. चावला तर तीळ.

"कशी झालीय आमटी?" सगुणाबाईनं विचारलं. "माझ्या थोरल्या लेकीनं धाडलेत सांडगे. तिच्या हाताला लई चव हाय. आमच्या हौसाला न्हाई जमत असलं."

हौसा तव्याकडे बघत होती. भाकरी फुगून करपायला लागली तरी तिनं ती उलटली नाही.

माझ्या हातचे सांडगे, उन्हात बसून घातलेले, आणि मलाच वाढून वर दुसरीचं नाव. पण मी गप्प बसले. तिथं तोंड उघडलं असतं तर हौसाशी दोन शब्द बोलायला मिळाले नसते. ताट स्वच्छ पुसून खाल्लं आणि म्हटलं, "लेकीच्या हाताला खरंच चव आहे."

मग घेवड्याचं बी काढायला म्हणून मी हौसाला परसात नेलं. "लवकर या गं," सगुणाबाई मागून म्हणाली, "मला दुपारचं पडायचंय."

परस मात्र बघावं असं होतं. गवारीच्या ओळी, भेंडी, मांडवावर दोडका आणि पडवळ, कडेनं हळद, बांधावर कोहळ्याचा वेल पार कुंपणावर चढलेला. एक तण नव्हतं. उन्हाळाभर घागरीनं पाणी घातल्याशिवाय श्रावणात असं परस दिसत नाही, ते मला कुणी सांगायला नको. हौसाच्या खांद्याला घट्टा पडला होता.

ती मांडवाखाली खाली बसली. मी काही विचारायच्या आधी तिनंच विचारलं, "वहिनी, यंदा आईनं तीळ काळे घातले का पांढरे?"

"तू खाल्ले नाहीस?"

ती वेलाचं वाळलेलं पान खुडत राहिली. "तळताना वास आला. तीळ हायेत एवढं कळलं. रंग नीट दिसला न्हाई."

"एकही खाल्ला नाहीस?"

"डबा आला तसा सासूबाईंनी कोठीत ठेवला. कुलूप असतंय."

मग एकेक करून आलं. सासरे असताना ते जेवायला बसले की म्हणायचे, आधी सुनेला वाढा. ते गेले आणि दुसऱ्या महिन्यात किल्ल्या कमरेला आल्या. परसातली भाजी सकाळी तोडायची, ती सगुणाबाईच्या समोर पाटीत ओतायची. ताजी शिजली तर तिचा नवरा दिनकर आणि सासू जेवायचे. उरली तर उरली. वाळवण सगळं हौसानंच करायचं आणि ते बांधून तीन नणंदांच्या घरी जायचं. हिच्या ताटात भाकरी आणि मिठाच्या पाण्यात कुस्करलेली मिरची. "मूल न्हाई तर पोटाला एवढं कशाला लागतंय," असं सासूबाई म्हणतात, ते तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, जणू बाजारातला भाव सांगावा.

"आणि दिनकरराव?"

"त्यांचं ताट भरलेलं असतंय. ते खाली मान घालून जेवतात."

मी उठून उभी राहिले. बसून ऐकवत नव्हतं. डोक्यावर दोडके लोंबत होते, हाताला लागत होते, आणि ज्या पोरीनं ते वाढवले तिला त्यातला एक नाही. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ वेळा राग आला. त्यातला निम्मा फुकटचा होता, हे मी मान्य करते. त्या दिवशीचा नव्हता.

"म्हणून डब्यात घालायला काही नव्हतं," मी म्हटलं.

"काय नव्हतं असं न्हाई." तिनं कोपऱ्याकडे मान वळवली. "तो कढीपत्ता बघा की. तोडला असता तर कुणी बघितलं पण नसतं. तोडलाच होता मी. डब्यात घातला आन् परत काढला."

"काढला? का?"

"मुद्दाम रिकामा धाडला, वहिनी. आईनं सांगितलंय, तिकडचं इकडं बोलायचं न्हाई. मी बोलले न्हाई. कुणाजवळ निरोप दिला न्हाई. पण मला वाटलं, रिकामा डबा बघितला की आई ओळखंल. माझी हौसा रिकामा डबा धाडायची न्हाई, म्हणंल. दुसऱ्या दिवशी दादाला धाडंल. मी एस्टीच्या टायमाला रोज दारात झाडायला काढायची. मग वाटलं, डबा पोचलाच नसंल. पोचला का हो?"

"पोचला," मी म्हटलं.

"मग आई काय म्हणाली?"

आईनं दार लावलं, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? घरात बसलेल्या त्या म्हातारीचा, माझ्या नवऱ्याचा, त्या तक्क्यावरच्या बाईचा, सगळ्यांचा मला एकदमच संताप आला. "आईनंच धाडलंय मला," मी म्हटलं. "ऊठ. लुगडं घे. आपण निघालो."

सगुणाबाई आडवी व्हायच्या बेतात होती. मी सोप्यात जाऊन सांगितलं, "हौसाला पंचमीला घेऊन चालले."

"अगंबाई. मुराळी कुठाय?"

"मी आहे की."

"बाई कुठं मुराळी असती व्हय?"

"आमच्यात असते."

"हे बघ मालनबाई, दिनकर रानात हाय. त्याला विचारल्याबिगर मी सून धाडायची न्हाई. शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"तेच विचारते. बोलवू का शेजारणींना?" माझा आवाज चढला आणि मी तो खाली आणला नाही. "येऊन बघू देत सून कशी दिसते ते. परसही बघू देत. दोन्ही तुमचंच आहे."

सगुणाबाईनं दाराकडे बघितलं. समोरच्या ओट्यावर दोघी जणी पंचमीच्या मेंदीचा पाला वाटत बसल्या होत्या आणि त्यांचे वरवंटे थांबले होते. तिचा गोड आवाज परत आला. "जाऊ दे की. सणाचं कोण अडवतंय? आठ दिवसांनी दिनकर येईल न्यायला."

हौसा गाठोडं घेऊन आली. मी उंबऱ्यातून मागे वळले. "आमटी चांगली होती. तीळ जरा कमी पडलेत यंदा. पुढच्या वर्षी जास्त घालीन."

तिचा चेहरा बघायला मी थांबले नाही, आणि आजही मला त्याची हळहळ वाटते.

एस्टीतून उतरून आम्ही घरी आलो तेव्हा आत्याबाई सोप्यातच होत्या. मी सकाळी न विचारता गेलेली, त्यामुळे त्या माझ्यासाठी तयार होऊन बसल्या होत्या. मागे हौसा दिसली आणि त्यांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. लेकीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

मी घाईनं बोलले. "आत्याबाई, तुम्ही सांगितलं तशी घेऊन आले."

हौसा त्यांच्या पाया पडली. उठताना म्हणाली, "डबा बघून तू ओळखलंस ना, आई?"

मी आत्याबाईंकडे बघून डोळ्यांनी सांगत होते, हो म्हणा, नुसतं हो म्हणा. एवढं तरी करा.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मला न्हाई कळलं. मला राग आला. मी मुराळी धाडणार नव्हते. हिनं खोटं सांगितलंय तुला."

आत्याबाई भिंतीला धरून उठल्या आणि आत चुलीपाशी गेल्या. माझा त्यांच्यावरचा राग मी वाटभर जपून आणला होता, तो टाकायला मला जागाच राहिली नाही.

त्या आठवड्यात त्यांनी मला चुलीपाशी बसू दिलं नाही. दोडक्याची भाजी, शिरांची चटणी, कोवळी भेंडी, तव्यावर खरपूस गवार, हौसाच्या ताटात त्या वाढत राहिल्या. ती पुरे म्हणायची, त्या ऐकायच्या नाहीत. सांडगे तळून त्यांनी तिच्यापुढे ठेवले तेव्हा हौसानं एक मोडून आत बघितलं. "पांढरे हायेत," ती मला म्हणाली.

पण पुढचं कोणी बोलत नव्हतं. मीच सारखी धुमसत होते. सगळं ऐकून, सगळं बघून, आठ दिवस खाऊपिऊ घालून हिला परत त्या घरी धाडायचं? मग हिला आणली कशाला? ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "लोक काय म्हणतील, नांदत्या पोरीला ठेवून घेतली म्हणून." हौसाला विचारलं तर ती म्हणाली, "जायचंच असतंय, वहिनी." तिनं आपली लुगडी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली होती. आत्याबाईंना विचारलं तर त्या दोडक्याच्या मांडवाकडे निघून गेल्या.

आठव्या दिवशी दिनकर आला. पांढरा स्वच्छ सदरा, डोक्याला तेल. सोप्यात घोंगडीवर बसला. ह्यांनी पावसापाण्याचं विचारलं. मी चहा दिला आणि कप जरा आपटूनच ठेवला. हौसा गाठोडं मांडीवर घेऊन आतल्या उंबऱ्यापाशी बसली होती, कपाळाला कुंकू लावून, निघायला तयार. बायकोकडे बघायला काही त्याला सवड झाली नव्हती.

आत्याबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. जावयासमोर त्या कधी उभ्या राहत नसत, दाराआडून बोलत. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "पोरीला मी ठेवूनच घेणार म्हटलं तर?"

ह्यांनी मान खाली घातली. मी पदर तोंडात धरला. हौसानं वर्षभरात पहिल्यांदाच नवऱ्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं. माझी खात्री आहे, तो त्या वेळी काहीही म्हणाला असता, साधं 'असं का करता' म्हणाला असता, तरी ती उठून त्याच्यामागे गेली असती.

दिनकरनं कप खाली ठेवला. गडबडून गेला होता. "मग परसातलं कोण बघणार?" तो म्हणाला. "आई म्हणते गवार जून व्हायला लागलीय."

हौसा उठली.

"जून झाली तर बियाला राहील," ती म्हणाली. "बी कसं राखायचं ते तुमच्या आईस्नी ठाऊक हाय."

आणि गाठोडं उचलून ती आत गेली.